ओठाचं कुणाला सांगायचं नाही

मँचेस्टर,
२ ऑक्टोबर १९८८

ती. बाबांस,
लोरेनचे शि. सा. न. वि. वि.

मी नीट पोचले, ट्रंपेटही नीट पोचली. हे आधी लिहिते, कारण दोघींपैकी तुम्हाला कुणाची जास्त काळजी होती ते मला ठाऊक आहे. गाडीत शेजारच्या बाईंनी पेटीत काय आहे म्हणून विचारलं, तर मी सांगितलं की वडिलांची लाडकी लेक.

खोली मिसेस ऑग्डेन नावाच्या बाईंकडे मिळाली. त्या बहिऱ्या आहेत म्हणून वाजवणाऱ्या मुली ठेवतात, असं कॉलेजात सगळे म्हणतात. कसल्या बहिऱ्या! काल मी जिन्यात त्यांच्या वाटाण्याच्या सूपबद्दल पुटपुटले ते त्यांना शब्दन्शब्द ऐकू आलं. तेव्हापासून मला बशीभर जास्त वाढतात.

पितळी वाद्यांच्या पदव्युत्तर वर्गात आम्ही नऊ जण आहोत. मुलगी मी एकटी, आणि कोळशाच्या खाणीच्या गावातून आलेलीही मी एकटी. प्राइस सर पहिल्याच दिवशी म्हणाले की वर्षभर काय हवं ते करा, खरा जूनमधला एक तास. तासभर एकट्याने वाजवायचं, समोर तीन परीक्षक. त्यातले एक इथल्या मोठ्या ऑर्केस्ट्राचे असतात, आणि त्यांच्याकडे दुसऱ्या ट्रंपेटची जागा पुढच्या वर्षी रिकामी होते आहे. म्हणजे पदवी आणि नोकरी, दोन्ही त्या एका तासात. बाबा, मला ती जागा हवी आहे. अजून कुणाजवळ बोलले नाही, तुम्हालाच लिहिते आहे.

सरांनी ट्रंपेटचा माउथपीस माझ्या ओठावर जरासा खाली आणला, जवाच्या दाण्याएवढा. त्यांचं म्हणणं असं, की आपल्या खाणीच्या बँडमध्ये मी सगळा भार वरच्या ओठावर टाकत आले आणि तो ओठ असा चाळिशीपर्यंत पुरायचा नाही. सध्या माझा आवाज नवशिक्या पोरीसारखा येतो. दोन महिने लागतील म्हणतात.

एडी आत्याला माझा नमस्कार सांगा. तिने बांधून दिलेला आल्याचा केक स्टेशन यायच्या आतच संपला हेही सांगा. तुमच्या मायेची इथे रोज गरज लागते, तेव्हा हात आखडता घेऊ नका.

तुमची,
लोरेन


ऑक्सथॉर्प,
१६ ऑक्टोबर १९८८

चि. लोरेन हिस,
अ. उ. आ.

पत्र पावलं. मी ते बँडच्या खोलीत वाचून दाखवलं. नोकरीचं वगळून. ते तुझं माझं.

इकडे सगळं आहे तसंच आहे. कबुतरं बरी आहेत. परसातल्या रूबार्बवर गवत घातलं. खाण बंद होणार असं दर मंगळवारी कुणीतरी सांगतं आणि बुधवारी सगळे कामावर जातात. बँडमास्तर सगडन साहेबांनी मार्चच्या ब्रॅडफर्ड स्पर्धेचा तुकडा आणला आहे. अवघड आहे. शेवटच्या पानावर कॉर्नेटला एकटीला चोवीस मात्रा, बाकी सगळा बँड श्वास रोखून. तुझ्या खुर्चीवर कीथ डायसन बसतो. वाजवतो बरा, पण सूर लावताना भुवया अशा चढवतो की आत्या म्हणते, याला बद्धकोष्ठ असावं.

तुझी कॉर्नेट मी रविवारी पुसून ठेवतो. तिकडे जाऊन ट्रंपेटवाली झालीस तरी खाणीच्या पोरीचं खरं वाद्य ती बुटकीच, हे विसरू नकोस. आणि सरांना म्हणावं, त्या ओठाने तू आम्हाला तीन वेळा बक्षीस मिळवून दिलंस. जपून फेरफार करा.

जेवत जा. तुझ्यावरचा जीव आहे तेवढाच आहे, आणखी कुठून आणू.

तुझा,
बाबा


मँचेस्टर,
२० नोव्हेंबर १९८८

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र बँडच्या खोलीत वाचू नका. आत्यालाही दाखवू नका.

माझा वरचा ओठ दुखतो आहे. तालमीनंतर दुखतो तसा नाही. सकाळी उठते तेव्हाच जड असतो आणि मध्यभागापासून डावीकडे बोटभर जागा कळतच नाही. वरचे सूर काढायला गेलं की कडेने हवा सुटते. आधी वाटलं नवीन ठेवणीची सवय नाही म्हणून. पण वर्गातल्या कुणाचं असं होत नाही. म्हणजे होत असेल तर बोलत नाहीत, मीही बोलले नाही. प्राइस सरांनी एकदा टक लावून पाहिलं आणि बरी आहेस ना म्हणून विचारलं. मी सांगितलं, सर्दी आहे.

कॉलेजच्या दवाखान्यात जाऊन आले. डॉक्टरीण बाई तरुण आहेत, पण त्यांनी बराच वेळ बोटांनी ओठ तपासला. म्हणाल्या, आतला स्नायू ताणला गेलाय. सहा आठवडे वाद्याला हात लावायचा नाही, मग हळूहळू सुरू करायचं. तसं केलं तर भरून येईल. नाही केलं तर त्या काही सांगू शकत नाहीत. चिठ्ठी लिहून दिली आहे, ती सरांना द्यायची.

चिठ्ठी चार दिवस माझ्या कोटाच्या खिशात आहे. सहा आठवडे म्हणजे जानेवारी उजाडेल. तोवर बाकीचे कुठल्या कुठे गेलेले असतील, आणि सरांना एकदा कळलं की हिचा ओठ कच्चा आहे, तर जूनमध्ये त्यांच्या मनात तेच राहणार. मला काही सुचत नाही. तुमची पन्नास वर्षं बँडमध्ये गेली, तुम्ही सांगाल तसं करते.

लवकर लिहा. एवढी माया करा.

तुमची,
लोरेन


ऑक्सथॉर्प,
२७ नोव्हेंबर १९८८

चि. लोरेन हिस,
अ. उ. आ.

पत्र वाचून जाळलं. आत्याला म्हटलं की तू मोजे मागितलेस.

आता नीट ऐक. चिठ्ठी द्यायची नाही. त्या बाईंच्या ओठाला जन्मात कधी माउथपीस लागलाय का? पाय मोडला तर डॉक्टरकडे जावं, ओठाचं डॉक्टरला काय कळणार. ओठ दुखतो म्हणजे तो तयार होतोय. थांबलीस तर होता तेवढाही जाईल. माझ्या बापाने मला हेच सांगितलं आणि त्याला त्याच्या बापाने.

रोज सकाळी चहाच्या आधी एक तास लांब सूर. खालचे, हळू, एका श्वासात पुरतील तेवढे. दुखलं तरी सोडायचे नाहीत. मग गार पाण्याची पट्टी. संध्याकाळी पुन्हा एक तास. पंधरा दिवसांत फरक पडेल.

आणि ओठाचं कुणाला सांगायचं नाही. नेड हॉबसनचं तुला माहीत नाही, तू जन्मलीही नव्हतीस. आमच्याकडचा पहिला कॉर्नेट तो. त्याने एकावन्न साली सरळपणाने सांगितलं की ओठ दुखतो, दोन तालमी येत नाही. परत आला तेव्हा त्याला शेवटच्या खुर्चीवर बसवलं, आणि म्हातारा होईस्तोवर तो तिथेच बसला. कुणी त्याला वाईट बोललं नाही. पण पुढेही कुणी बोलावलं नाही. तुझ्या त्या परीक्षकांचंही तसंच असणार, कोट चांगले घालत असतील एवढंच.

तू क्रॅबट्रींच्या घरातली आहेस. धीर धर. इथून हात पोचत नाही म्हणून कागदावरूनच पाठ थोपटतो.

तुझा,
बाबा


मँचेस्टर,
१५ जानेवारी १९८९

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचे लांब सूर चालू आहेत. नाताळात घरी आले होते तेव्हा आत्याला वाटलं की मी तिच्या पुडिंगवर रुसले, म्हणून खात नाही. तिला माझ्यातर्फे पुन्हा एकदा सांगा की पुडिंग फार छान होतं, तोंड आलं होतं.

आता दुखणं जवळजवळ थांबलंय. बधिर जागा थोडी वाढली आहे, पण दुखत नाही, त्यामुळे दोन तासांचे तीन तास करता येतात. वरचे सूर येतात. माउथपीस जरा जोराने दाबावा लागतो इतकंच. सर म्हणाले की आवाज पुन्हा जुन्यासारखा झालाय, आणि हे त्यांनी खुशीने म्हटलं नाही. जून महिन्याचे तुकडे ठरले. चार आहेत. तिसरा मला फार आवडतो. तो वाजवताना मी त्या जागेवर बसलेलीच आहे असं वाटतं. काळे कपडे, शेजारी म्हातारा पहिला ट्रंपेटवाला, आणि मी त्याची पानं उलटते आहे. हसू नका.

चिठ्ठी अजून खिशात आहे. फाडवत नाही.

माझी आठवण काढत जा, मी तुमची काढते त्याच्या निम्मी काढलीत तरी चालेल.

तुमची,
लोरेन


ऑक्सथॉर्प,
१२ फेब्रुवारी १९८९

चि. लोरेन हिस,
अ. उ. आ.

दुखणं थांबलं ना? मी म्हटलं होतं.

आता एक मागायचं आहे, आणि मागायला मला लाज वाटते आहे, म्हणून एकदम लिहून टाकतो. कीथ डायसन गेला. टेकडीपलीकडच्या बँडने त्याला त्यांच्या खाणीत वर, उजेडातलं काम देऊ केलं. भुवयांसकट गेला. ब्रॅडफर्डला चार आठवडे उरलेत आणि पहिल्या खुर्चीवर कुणी नाही. शेरिल आहे, ट्रॉम्बोनवाल्या बॅरीची मुलगी. हात चांगला आहे पोरीचा, पण सोळाची आहे. त्या चोवीस मात्रांना रडायला लागते.

तुझं नाव अजून आमच्या नोंदीत आहे. नियमाने तू वाजवू शकतेस. सगडन साहेब म्हणाले, लोरेनला विचार.  बाकीचे माझ्याकडे बघत राहिले, चोवीस जण. या वेळी पडलो तर खालच्या वर्गात जाऊ, आणि खालच्या वर्गातल्या बँडला खाणीचे लोक खोली कशाला ठेवू देतील. बँड गेला की गावात काय राहतं, तूच सांग.

चार शनिवार तालीम आणि एक स्पर्धेचा दिवस. तुला जमणार नसेल तर तसं लिही. मी समजून घेईन.

तुझा,
बाबा


मँचेस्टर,
१७ फेब्रुवारी १९८९

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

येते. शनिवारी साडेनऊच्या गाडीने. कॉर्नेटच्या खटक्यांना तेल घालून ठेवा.

लोरेन


ऑक्सथॉर्प,
१९ मार्च १९८९

चि. लोरेन हिस,
अ. उ. आ., आणि सबंध गावाचेही.

दुसरे आलो! तुझ्या घरमालकीणबाईंकडे फोनवर निरोप ठेवलाच, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. ऑक्टोबरात लंडन, अंतिम फेरी. सगडन साहेब बसमध्ये रडले आणि ट्रॉम्बोनवाला बॅरी त्यांच्या टोपीवर बसला.

पंचांचा शेरा आज आला. पंच दर वर्षीसारखे कापडी खोक्यात बसलेले, कोण वाजवतंय ते त्यांना दिसत नाही, म्हणून या शेऱ्याला मोल आहे. जसाच्या तसा उतरवून देतो: “एकट्या कॉर्नेटचा भाग अत्यंत सुंदर. शेवटच्या आठ मात्रांत सूर किंचित विरळ, पण विलक्षण धीराने तोलला.” मी तो चौकटीत बसवून खोलीत लावायला दिला आहे.

निकालाआधीच तू निघून गेलीस ते मात्र बरं केलं नाहीस. मी चहा घेऊन आलो तर खुर्ची रिकामी. शेरिल म्हणाली की तू तोंडावर रुमाल धरून बाहेर गेलीस. रडत होतीस का? मीही रडलो. त्यात काय लाजायचं. माझा युफोनियम केवढा मोठा, पुढ्यात धरला की कुणाला दिसत नाही.

आता जून. माझा काळा कोट आत्याने उसवून मोठा केला आहे. पहिल्या रांगेत बसणार. पत्र पाठव, महिना झाला ओळ नाही.

तुझा अभिमानाने फुगलेला,
बाबा


मँचेस्टर,
१४ मे १९८९

चि. विल्फ यास,
बासष्टचा झालास तरी मला चिरंजीवच. आशीर्वाद या वेळी देत नाही.

तुझी लेक तुला लिहीत नाही आणि तू सगळ्यांना सांगत फिरतोस की अभ्यासात बुडली आहे. मला राहवलं नाही. परवा गाडीत बसले आणि इथे आले. मिसेस ऑग्डेनने दार उघडलं आणि मी कोण ते सांगायच्या आत म्हणाली, बरं झालं घरचं कुणी आलं.

लोरेनचा ओठ फाटला आहे, विल्फ. बाहेरून काही दिसत नाही, आत फाटला आहे. ब्रॅडफर्डला, त्या चोवीस मात्रांत. माझ्यासमोर चहा प्यायली तर डाव्या कडेने गळत होता आणि तिला कळत नव्हतं. मी रुमाल पुढे केला तेव्हा कळलं. मोठ्या इस्पितळात दाखवलं. ते म्हणतात शिवता येईल, बोलता येईल, खाता येईल. वाजवण्याचं विचारू नका म्हणाले. जूनचा तास रद्द झाला. तिचे सर खोलीवर येऊन गेले. आधी का बोलली नाहीस असं त्यांनी चारदा विचारलं, आणि तिने चारही वेळा तेच सांगितलं, की आमच्याकडे सांगत नाहीत. भला माणूस आहे. जिन्यात डोळे पुसत होता.

मग तिने मला तुझं नोव्हेंबरचं पत्र दाखवलं. ज्या खिशात डॉक्टरची चिठ्ठी, त्याच खिशात तुझं पत्र. मोजे मागितले होते म्हणे! मी दोन जोड विणून पाठवले रे, गाढवा.

तू दुष्ट नाहीस हे मला माहीत आहे. म्हणूनच तुझी कीव करायची की तुला झोडायचं ते मला कळत नाही. तिला लिही. कोट बिट काही लिहू नकोस.

एडी


ऑक्सथॉर्प,
१७ मे १९८९

लोरेन,

एडीचं पत्र आलं. मी चारदा कागद घेतला. चूक माझी. पुढे लिहिता येत नाही. येऊ का?

बाबा


मँचेस्टर,
११ जून १९८९

ती. बाबांस,
सा. न.

येऊ नका.

परवा माझा तास होता. त्या वेळेला मी कॉलेजात गेले, का ते माहीत नाही. माझ्या जागी दुसऱ्या मुलाचा ठेवला होता. दाराबाहेर उभी राहून ऐकला. चांगला वाजवतो. सर म्हणतात, लेखी काम पूर्ण कर, वर्षाचा दाखला तरी मिळेल. पदवी वाजवल्याशिवाय देत नाहीत. मी हो म्हटलंय. पुढे कुठल्या तरी शाळेत शिकवेन.

तुम्हाला ब्रॅडफर्डचं सांगायचं राहिलं. सोळा मात्रा झाल्या आणि आत काहीतरी तुटलं. शिवताना दोरा तुटतो तसं, तेवढंच. दुखलंही नाही. तेव्हा थांबले असते तर कदाचित शिवून नीट झालं असतं, असं इस्पितळातले म्हणाले. मी समोर पाहिलं तर तुम्ही युफोनियम मांडीवर ठेवून माझ्याकडे बघत होतात. उरलेल्या आठ मात्रा वाजवल्या. चौकटीत लावलेला शेरा त्या आठ मात्रांचा आहे. तो काढून टाका.

मी चोवीस वर्षांची आहे, चिठ्ठी माझ्या खिशात होती, तेव्हा सगळा दोष तुमच्यावर टाकणार नाही. पण राग आहे, बाबा. सकाळी उठल्यापासून असतो. तुम्ही समजून घेईन असं लिहिलं होतंत. मी नाही म्हटलं असतं तर तुम्ही खरंच समजून घेतलं असतंत का, हे मी रोज स्वतःला विचारते आणि मला उत्तर माहीत आहे.

लोभ आहे. तो वाढवू नका. सध्या आहे तेवढाच मला पेलत नाही.

लोरेन


ऑक्सथॉर्प,
२ जुलै १९८९

चि. लोरेन हिस,
आशीर्वाद द्यायचा मला हक्क उरला असेल तर, आशीर्वाद.

तू विचारलंस त्याचं उत्तर, नसतं घेतलं. तुला तोंडावर काही बोललो नसतो, पण मनात ठेवलं असतं.

चौकट काढली. त्याच दिवशी तालमीआधी मी सगडन साहेबांकडे पाच मिनिटं मागितली. उभा राहिलो. तुझा ओठ कसा गेला आणि कुणाच्या सांगण्यावरून गेला ते सांगितलं. मग जे तुझ्या आईलाही, ती होती तोवर, कधी सांगितलं नव्हतं ते सांगितलं. अठ्ठावन्न सालापासून माझा वरचा ओठ डाव्या बाजूने मेलेला आहे. मी कॉर्नेट सोडून युफोनियम घेतला तो जाड आवाज आवडतो म्हणून नव्हे. मोठा माउथपीस अर्ध्या ओठावरही बसतो म्हणून. हे मला माहीत होतं, लोरेन. तुला पत्र लिहिताना माहीत होतं. मला वाटायचं मीच कच्चा निघालो, तू माझ्यासारखी नाहीस.

मग मी म्हटलं की आजपासून या खोलीत ओठाचं बोलायचं, आणि कुणाची खुर्ची जाणार नाही. ज्याचा दुखत असेल त्याने हात वर करावा. आधी माझा केला.  बॅरी जोड्यांकडे बघत होता. मग म्हाताऱ्या क्लिफर्डने केला. मग मागच्या रांगेतल्या दोघांनी. मी मोजले, अकरा झाले. सव्विसांत अकरा. 

शेरिल तुझ्या खुर्चीवर होती. तिचा ओठ मला उभ्या जागेवरून सुजलेला दिसत होता. तिचा हात मांडीवरून सुटला, इतकासा, आणि तिने वळून ट्रॉम्बोनच्या रांगेकडे पाहिलं. बॅरीने मान हलवली, नाही म्हणून. ऑक्टोबरात लंडन आहे ना. मीही काही बोललो नाही. हात मांडीवर परत गेला.

तालीम सुरू झाली. तिने चोवीस मात्रा वाजवल्या, न रडता, पहिल्यांदाच. सगळ्यांनी पाय आपटून शाबासकी दिली.

उद्या मी बॅरीच्या दाराशी जाणार आहे. तो मला आत घेईल असं वाटत नाही.

उत्तर लिहू नकोस, लिहावंसं वाटेपर्यंत.

तुझा,
बाबा